सिरिल १.४ : जुन्या डेटातला विच हेड तेजोमेघ बाहेर काढायला कितपत उपयोगी?

मृगातल्या राजन्य (रायजेल) ताऱ्याच्या शेजारचा विच हेड ('चेटकिणीचं डोकं'), म्हणजे आयसी २११८ तेजोमेघ, टिपायचा प्रयत्न अनेकांनी केलेला असतो. चार तासांचे सब (एकेक छायाचित्र) जमतात, स्टॅक (त्या सगळ्यांची सरासरी) होतो, आणि हाती येतो एक मळकट तपकिरी चौकोन. त्यात डाव्या कोपऱ्यात शहराचा उजेड, उजवीकडे राजन्याचं वलय आणि मध्ये कुठेतरी धुरासारखं काहीतरी. फाइल बाजूला पडते ती पडतेच. अशा पडून राहिलेल्या डेटासाठी सिरिल १.४ हे खगोलछायाचित्रांचं मोफत सॉफ्टवेअर किती कामाचं आहे, एवढ्याच प्रश्नापुरतं हे परीक्षण आहे. ग्रहांची छायाचित्रं, नॅरोबँड, मोझेक हे विषय इथे घेतलेले नाहीत.

निकाल आधीच सांगतो. कॅलिब्रेशन (कॅमेरा आणि लेन्सचे दोष काढणं), स्टॅकिंग आणि रंगजुळणी या तीन कामांत सिरिल उत्तम आहे, त्यासाठी दुसरीकडे पैसे मोजायची गरज नाही. पार्श्वभूमी काढण्याचं साधन फार चांगलं आहे, पण ते हाताने चालवलं तरच. आपोआप चालू दिलं तर हवा तो तेजोमेघच खाऊन टाकतं. नॉइज कमी करणं मध्यम. तारे वेगळे काढायचं काम स्टारनेट या वेगळ्या प्रोग्रॅमवर अवलंबून आहे आणि राजन्यासारख्या ताऱ्यापाशी ते कमी पडतं.

आधी या वस्तूबद्दल थोडं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. आयसी २११८ यमुना तारकासमूहात, राजन्यापासून सुमारे अडीच अंशांवर पश्चिमेला आहे. लांबी जवळजवळ ३ अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्र एका रांगेत ठेवावेत तेवढी. हा परावर्तन तेजोमेघ आहे. तो स्वतः प्रकाशत नाही, त्यातली धूळ राजन्याचा प्रकाश विखुरते. राजन्य मुळात निळसर, त्यात धूळ निळा प्रकाश जास्त विखुरते, म्हणून तेजोमेघही निळा. ड्युअल-बँड फिल्टर फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषा आत सोडतो, त्यामुळे तो लावून घेतलेल्या डेटात विच हेड जवळपास नसतोच आणि कोणत्याही प्रोसेसिंगने येणार नाही. हा तपास सगळ्यात आधी करावा. मराठी मुलखाला इथे एक फायदा आहे: पुण्याहून हा तेजोमेघ क्षितिजापासून सुमारे ६४ अंश वर चढतो, गोव्याहून त्याहून थोडा जास्त. उत्तर युरोपातल्या लोकांना तो ३०-३५ अंशांवरच्या दाट हवेतून बघावा लागतो.

आता आकडेमोड. समजा १३५ मिमी लेन्स, एफ/२.८, ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा एपीएस-सी रंगीत कॅमेरा, १२० सेकंदांचे १२० सब. एका सबमध्ये आकाशाची पातळी १५०० एडीयू (कॅमेऱ्याच्या उजेड-मोजणीचं एकक) आणि तेजोमेघ त्यावर २० एडीयू, असं ढोबळमानाने धरू. एडीयूमागे एक इलेक्ट्रॉन धरला तर आकाशाचा नॉइज १५००चं वर्गमूळ, म्हणजे ३९. एका सबमध्ये २०चा तेजोमेघ ३९च्या नॉइजखाली गाडलेला आहे. पण १२० सबची सरासरी घेतली की नॉइज ३९ भागिले १०.९५, म्हणजे साधारण साडेतीनवर येतो. तेजोमेघ नॉइजच्या पाचपटीहून वर आला. म्हणजे तो डेटात आहे. मग दिसत का नाही? कारण त्याच फ्रेममध्ये एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आकाशाची पातळी २०० ते ३०० एडीयूंनी बदलते आहे आणि फ्लॅटमध्ये (लेन्सची सावली दुरुस्त करायला एकसारख्या उजेडावर घेतलेल्या फ्रेममध्ये) नुसती १ टक्का चूक असली तरी ती १५ एडीयूंची होते. जवळजवळ तेजोमेघाएवढीच. जुन्या डेटातून विच हेड काढणं हे स्ट्रेचचं (फिकट भाग ताणून उजळवण्याचं) काम नाही, पार्श्वभूमीचं आहे. बहुतेक जण उलट करतात: ग्रेडियंट (आकाशाच्या उजेडाचा उतार) एका बटणाने उडवतात आणि सगळी मेहनत स्ट्रेचवर घालतात.

शहरातल्या डेटाबाबतही याच गणिताने अपेक्षा ठरवाव्यात. १८ मॅग्निट्यूड प्रति चौरस आर्कसेकंदचं शहरी आकाश आणि २१ मॅग्निट्यूडचं गावाकडचं आकाश (आकडा मोठा तितकं आकाश अंधारं) यांच्यात उजेडाचा फरक सुमारे १६ पट. गावाकडच्या चार तासांच्या तोडीचा सिग्नल शहरातून हवा असेल तर ६४ तास लागतील. शहराच्या गच्चीवरून घेतलेल्या दोन तासांच्या डेटावर रात्री जागवू नयेत. त्यापेक्षा हिवाळ्यातली एक अमावस्या पेंचच्या बाजूला काढावी. तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे.

सिरिलमध्ये काम सुरू करताना जुनी स्टॅक केलेली टिफ फाइल उघडू नका. मूळ सब, डार्क (झाकण लावून सबइतक्याच वेळेच्या फ्रेम), फ्लॅट आणि बायस (झाकण लावून अगदी कमी वेळेच्या फ्रेम) यांच्यापासून पुन्हा सुरुवात करा. डिस्कवर जागा किती लागते ते आधी बघा, कारण निम्मी अडचण तिथेच येते. २६ मेगापिक्सेलचा एक कच्चा सब ५२ एमबीचा. डीबेयर करून (कच्च्या डेटातून तीन रंगांचे चॅनेल बनवून) ३२ बिटमध्ये साठवला की तोच ३१३ एमबी होतो. १२० सबचा एक संच साडेसदतीस जीबीचा झाला. कॅलिब्रेट केलेला, ग्रेडियंट काढलेला आणि रजिस्टर केलेला (तारे एकावर एक जुळवलेला) असे तीन संच मिळून ११० जीबीच्या वर जातात. मधेच डिस्क भरली की काम अर्धवट थांबतं. प्रेफरन्समध्ये फिट्स कॉम्प्रेशन चालू करता येतं, त्याने जागा वाचते पण वेळ वाढतो. एसएसडीवर २०० जीबी मोकळे ठेवणं हाच सरळ उपाय.

फोल्डर चार: लाइट्स (म्हणजे सब), डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस. सिरिलबरोबर येणारी रंगीत कॅमेऱ्याची स्क्रिप्ट एका क्लिकमध्ये स्टॅक करून देते आणि मृगातल्या मोठ्या तेजोमेघासारख्या तेजस्वी वस्तूला ती पुरते. विच हेडसाठी मात्र स्क्रिप्ट वापरू नये, कारण मधली एक महत्त्वाची पायरी तिच्यात नाही. ती पायरी म्हणजे प्रत्येक सबमधला ग्रेडियंट स्टॅक करण्याआधीच काढणं.

हे का करायचं? एका सबमध्ये ग्रेडियंट साधा असतो: एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूने अंधार, जवळपास सरळ उतार. पण चार तासांत मृग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो, क्षितिजावरच्या गावाची दिशा फ्रेमच्या दृष्टीने फिरत जाते, मध्येच गाडीचे दिवे, पहाटेचं धुकं. अशा १२० वेगवेगळ्या उतारांची सरासरी घेतली की तयार होतो वळणावळणांचा पृष्ठभाग, आणि तो काढायला उच्च घाताची बहुपदी लागते. तीच बहुपदी तेजोमेघही गिळते. म्हणून बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनमध्ये पॉलिनोमियल निवडायचं, डिग्री १, आणि 'अप्लाय टु सीक्वेन्स'वर खूण करायची. कॅलिब्रेशन आणि डीबेयर झाल्यावर, रजिस्ट्रेशनच्या आधी. डिग्री २ सुद्धा नको. सरळ उतार ३ अंशांच्या तेजोमेघाला फारसा धक्का लावत नाही. सिरिलमध्ये एवढीच एक सोय असती तरी या कामासाठी त्याची शिफारस केली असती.

फ्लॅट चुकलेले असतील तर इथेच कळतं. डिग्री १ने उतार काढल्यावर एखादा सब ऑटोस्ट्रेच दृश्यात बघा. मध्य काळा आणि कोपरे उजळ दिसले तर फ्लॅट जास्त दुरुस्ती करत आहेत. बहुधा सबमधून डार्क किंवा बायस वजा व्हायचं राहिलं आहे. उलट मध्य उजळ असेल तर फ्लॅट अपुरे. फ्लॅट नसतीलच तर व्हिग्नेटिंग (कोपऱ्यांतला अंधार) स्टॅकवर दुरुस्त करावं लागतं, आणि तिथे वजाबाकीऐवजी भागाकार निवडावा, कारण लेन्सची सावली ही गुणाकाराची चूक आहे. धुळीच्या कड्या मात्र भागाकारानेही जात नाहीत. विच हेडच्या नाकावर अशी कडी बसली असेल तर तो डेटा सोडून द्यावा हे बरं.

रजिस्ट्रेशनला टू-पास पद्धत घ्या. पहिल्या फेरीनंतर प्लॉट टॅबमध्ये प्रत्येक सबचा एफडब्ल्यूएचएम (ताऱ्याच्या ठिपक्याची रुंदी), ताऱ्यांची गोलाई आणि पार्श्वभूमी यांचा आलेख मिळतो. फिकट आणि पसरट वस्तूसाठी ताऱ्यांच्या धारदारपणापेक्षा पार्श्वभूमीचा आलेख महत्त्वाचा: विरळ ढगातून गेलेले सब तिथे उठून दिसतात, ते काढा. किंचित फुगलेल्या ताऱ्यांचे सब ठेवा, त्यांच्यात तेजोमेघाचा प्रकाश तेवढाच आहे. स्टॅकिंगला विन्सराइज्ड सिग्मा क्लिपिंग, दोन्ही बाजूंना ३, नॉर्मलायझेशन 'अ‍ॅडिटिव्ह विथ स्केलिंग', वजन नॉइजनुसार. निकाल ३२ बिटमध्ये. डिदरिंग (दर थोड्या सबनंतर नेम किंचित हलवणं) न करता घेतलेल्या डेटात तिरप्या रेघोट्या दिसतील. त्यावर सिरिलकडेच काय, कुणाकडेच खरा इलाज नाही.

स्टॅक झाल्यावर लगेच कडा कापा. डिदरिंगमुळे कडेच्या पट्टीत कमी सब आलेले असतात आणि ती पट्टी पुढच्या पायरीला चकवते.

आता पार्श्वभूमीची मुख्य पायरी. स्टॅकवर आरबीएफ (नमुन्यांवरून लवचीक पृष्ठभाग बसवणारी) पद्धत निवडा. 'जनरेट' दाबलं की सिरिल फ्रेमभर नमुन्यांचे छोटे चौकोन पेरतं. इथेच थांबून बघायचं. राजन्याच्या भोवतीचं आकाश खऱ्या अर्थाने रिकामं नाहीच. एका बाजूला बार्नार्डच्या वलयाचा भाग, यमुनेत पसरलेली हायड्रोजनची लाली, सगळीकडे धूळ. प्रोग्रॅमला तेजस्वी तारे टाळता येतात, पण दीड टक्का उजळ असलेली धूळ त्याला पार्श्वभूमीच वाटते. आपोआप पेरलेल्या चौकोनांपैकी पाच-पंचवीस तरी थेट चेटकिणीच्या हनुवटीवर आणि कपाळावर बसलेले सापडतील.

ते उजव्या क्लिकने एकेक काढा. तेजोमेघाचा ज्ञात आकार बघून त्याच्याभोवती किमान अर्धा अंश मोकळा सोडा. वर सांगितलेल्या लेन्स-कॅमेऱ्यात एक पिक्सेल ५.७ आर्कसेकंदांचा, म्हणजे अर्धा अंश सुमारे ३१५ पिक्सेल. राजन्याभोवती एक अंश आणि उत्तरेकडच्या कर्सा ताऱ्याभोवती पाव अंश मोकळा ठेवा. उरलेल्या भागात पंधरा ते पंचवीस चौकोन पुरतात, शंभरची गरज नाही. स्मूदिंग वाढवून ठेवा. कमी स्मूदिंगला मॉडेल प्रत्येक चौकोनातून जायचा हट्ट धरतं आणि पार्श्वभूमी लाटांसारखी होते.

मग खात्री करायची, आणि ही तपासणी टाळू नये. ग्रेडियंट काढण्याआधीची आणि नंतरची, दोन्ही फाइली जपून ठेवा. पिक्सेल मॅथमध्ये आधीच्यातून नंतरची वजा करा, ऋण आकडे कापले जाऊ नयेत म्हणून ०.१ मिळवा. येणारी प्रतिमा म्हणजे प्रोग्रॅमने 'पार्श्वभूमी' म्हणून फेकून दिलेलं सगळं. ऑटोस्ट्रेच लावून बघा. सपाट, संथ उतार दिसला तर ठीक. त्यात राजन्याच्या पश्चिमेला लांबट फिकट डाग दिसला, अगदी धूसर असला तरी, तर चेटकीण तिथे गेलेली आहे. मागे जा, त्या भागातले आणखी चौकोन काढा, स्मूदिंग वाढवा, पुन्हा चालवा. उलट लक्षणही असतं: अंतिम चित्रात तेजोमेघाच्या कडेने काळसर खंदक. मॉडेल आत कमी आणि कडेला जास्त वजा करतंय असा त्याचा अर्थ.

ग्रॅक्सपर्ट या वेगळ्या प्रोग्रॅमचं एआय पार्श्वभूमी साधन १.४मध्ये पायथन स्क्रिप्टच्या मार्फत सिरिलमधूनच चालतं. छोट्या दीर्घिकांच्या फ्रेमवर ते झकास काम करतं. दहा अंशांच्या फ्रेममध्ये तीन अंशांचा फिकट तेजोमेघ असला की त्याच्यावर आंधळा भरवसा ठेवू नये. स्मूदिंग १च्या जवळ ठेवून, वरची वजाबाकीची तपासणी करूनच निकाल घ्यावा. हाताने ठेवलेले वीस चौकोन इथे एआयपेक्षा भरवशाचे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगासाठी एसपीसीसी, म्हणजे ताऱ्यांच्या वर्णपटांवरून रंगजुळणी. १.४मधली ही सगळ्यात मोठी भर. आधी प्लेट सॉल्व्ह (ताऱ्यांवरून फ्रेमची आकाशातली जागा ओळखणं) करावं लागतं: फोकल लांबी १३५, पिक्सेल ३.७६. नंतर यादीतून सेन्सर निवडायचा, पांढऱ्याचा संदर्भ 'अ‍ॅव्हरेज स्पायरल गॅलक्सी'वरच राहू द्यायचा. प्रोग्रॅम गाया उपग्रहाने मोजलेले ताऱ्यांचे वर्णपट घेऊन कॅमेऱ्याच्या तीन चॅनेलांशी जुळवतो. इंटरनेट धिमं असेल तर कॅटलॉग आधी उतरवून ठेवता येतो. या पायरीनंतर तेजोमेघ राखाडीकडे झुकणारा निळा दिसायला हवा. हिरवट दिसला तर दोष एसपीसीसीचा नसतो, हिरव्या चॅनेलमध्ये ग्रेडियंट उरलेला असतो. 'रिमूव्ह ग्रीन नॉइज' दाबून तो झाकू नका, मागे जाऊन चौकोन तपासा.

इथपर्यंत प्रतिमा लिनियर, म्हणजे न ताणलेली, आहे. आता तारे वेगळे काढायचे. स्टारनेट वेगळं डाउनलोड करून प्रेफरन्समध्ये त्याचा पत्ता द्यावा लागतो. लिनियर प्रतिमेवर चालवताना 'प्री-स्ट्रेच लिनियर इमेज'वर खूण हवीच, नाहीतर त्याला तारे नीट ओळखता येत नाहीत. 'जनरेट स्टार मास्क'वरही खूण ठेवा.

छोटे तारे स्वच्छ निघतात. राजन्य मात्र निघत नाही: गाभा जातो, वलय उरतं, आणि ते वलय निळं असतं. इथे एक मूलभूत अडचण आहे. तेजोमेघाचा प्रकाश राजन्याचाच असल्यामुळे वलय आणि तेजोमेघ यांचा रंग जवळपास सारखा आहे. रंगावर आधारित कोणतीही निवड त्यांना वेगळं करू शकत नाही. फरक फक्त आकाराचा: वलय गोल आणि बाहेर जाताना एकसारखं विरळ होणारं, तेजोमेघ तंतूंचा. सिरिल १.४मध्ये मास्क लावून ठरावीक भागावरच काम करायची थेट सोय नाही, त्यामुळे वलय दाबायचं असेल तर फाइल गिम्पमध्ये न्यावी लागते. वलय पूर्ण पुसण्याच्या नादाला लागू नये. पहिल्या मॅग्निट्यूडपेक्षाही तेजस्वी तारा शेजारी असल्यावर तिथे उजेड दिसणारच. तो गोल आणि गुळगुळीत राहिला की पुरे.

स्ट्रेचसाठी जीएचएस, म्हणजे जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच. ताऱ्यांविना फाइलवर काम करा. एका फटक्यात सगळं ताणायचं नाही, तीन-चार फेऱ्या. पहिल्या फेरीत सिमेट्री पॉइंट हिस्टोग्रामच्या शिखराच्या किंचित डावीकडे ठेवा, लोकल इंटेन्सिटी ५-६च्या आसपास, आणि स्ट्रेच फॅक्टर शिखर ०.१०-०.१५वर येईपर्यंत वाढवा. दुसऱ्या फेरीपासून तेजोमेघाच्या एखाद्या उजळ तंतूवर छोटा चौकोन आखून सिमेट्री पॉइंट तिथून उचला. कॉन्ट्रास्ट त्या पातळीपाशीच जास्तीत जास्त वाढतो, आणि चेटकिणीचं नाक-हनुवटी दिसायला लागते ती इथे. प्रत्येक फेरीनंतर ब्लॅक पॉइंट थोडा वर घ्या, पण एकही पिक्सेल शून्यावर कापू नका. पार्श्वभूमी पूर्ण काळी करण्याचा मोह होतो. विच हेडभोवतीची फिकट धूळ त्या काळ्यातच जाते.

नॉइज. सिरिलचं स्वतःचं साधन बारीक दाणे बऱ्यापैकी घालवतं, पण रंगीत ठिपक्यांचे मोठे डाग, जे फिकट डेटात जास्त त्रास देतात, तसेच राहतात. ग्रॅक्सपर्टचं डीनॉइज इथे सरस आहे. लिनियर अवस्थेत, पार्श्वभूमी काढल्यानंतर, ०.५-०.६ जोरावर चालवा. ०.९ला तंतूंचं प्लास्टिक होतं. याहून सोपा उपाय आधी करून बघा: २×२ बिनिंग, म्हणजे चार पिक्सेलांचा एक. १३५ मिमीवर बारीक तपशील तसेही नाहीत, प्रतिमा ३१२४ × २०८८ पिक्सेलची उरते, मोठ्या पडद्याला पुरेशी, आणि नॉइज जवळजवळ अर्धा होतो. कुठलाही अंदाज न बांधता मिळालेली सुधारणा.

शेवटी 'स्टार रीकॉम्पोझिशन'मध्ये ताऱ्यांविना फाइल आणि स्टार मास्क दोन्ही उघडा. ताऱ्यांना वेगळा, हलका स्ट्रेच द्या. विच हेडच्या चित्रात तारे थोडे दबलेलेच हवेत.

पैसे देऊन मिळणाऱ्या पिक्सइनसाइटशी तुलना अटळ आहे. मास्क, पायऱ्या जपून ठेवण्याची सोय आणि संदर्भ-आकाशाच्या प्रतिमांशी ताडून ग्रेडियंट काढणारं नवं साधन, या तीन गोष्टींत ते पुढे आहे, आणि तिसरी गोष्ट फिकट तेजोमेघासाठी खरोखर मोलाची आहे. त्याची ४५ दिवसांची चाचणी-आवृत्ती मिळते. सिरिलमध्ये स्टॅक करून तीच ३२ बिट फाइल तिथे उघडून बघता येईल. पण वर्षातून चार-पाच अमावस्यांना कॅमेरा बाहेर काढणाऱ्याने आधी सिरिलमध्ये ते वीस चौकोन नीट ठेवायला शिकावं. सिरिल विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं, मुक्त स्रोत आहे, आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही हे सगळं होतं. फक्त स्टारनेट आणि ग्रॅक्सपर्टला वेळ लागतो.

काम झाल्यावर प्रोसेस फोल्डर पूर्ण पुसून टाका, ते ११० जीबी तिथेच असतात. ठेवायचं ते कच्चे सब, मास्टर डार्क, मास्टर फ्लॅट आणि ग्रेडियंट काढण्याआधीचा लिनियर स्टॅक. केलेल्या पायऱ्यांची नोंद सिरिल फिट्स हेडरमध्ये करून ठेवतं. पण हाताने ठेवलेल्या चौकोनांच्या जागा तिथे दिसत नाहीत, म्हणून 'अप्लाय' दाबण्याआधी त्या खिडकीचा स्क्रीनशॉट स्टॅकच्या शेजारी ठेवा.